लाल धाग्याच्या तीन गाठी

मुर्रीकडच्या मुलींच्या वसतिगृहात आग विझवायचे चौदा सिलिंडर होते, आणि तिथला चौकीदार केवलराम याचा त्यांच्यावर जीव होता. तपासणीवाले साहेब सहा महिन्यांनी यायचे; मधले सगळे दिवस केवलरामचे. दर एक तारखेला तो एकेक खाली उतरवायचा, आतली पावडर बसू नये म्हणून उलटा करून थोपटायचा, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते बघायचा आणि कार्डावर सही करायचा. "लेकराले थोपटून राहिले जनू," तिथल्याच मेसमध्ये स्वयंपाक करणारी त्याची बायको निर्मलाबाई म्हणायची. "माह्याकडं कदी असं पाह्यलं का जी?" दोघांना मूलबाळ नव्हतं. तो नुसता हसायचा.

दसऱ्याला ज्यानं त्यानं आपापली हत्यारं पुजायची. केवलरामची हत्यारं हीच. त्यानं चौदाही सिलिंडर पुसले, हळदकुंकू वाहिलं, मुठीला लाल धागा बांधला. धागा गळून पडला तर अपशकुन, म्हणून तो, जी उपसल्याशिवाय सिलिंडर चालत नाही त्या पिनेच्या कडीतून ओवून वर तीन पक्क्या गाठी मारल्या. हौसेला मोल नाही म्हणतात. खोटं आहे ते.

चौथ्या दिवशी पुऱ्या तळताना कढईनं पेट घेतला. निर्मलाबाईनं मुलींना बाहेर पिटाळलं आणि भिंतीवरचा सिलिंडर ओढला. पिन निघेना. दिव्या नावाच्या मुलीनं दारातून पाहिलं: काकू दातांनी गाठ तोडत होत्या आणि पदर पेटला होता. हे तिनं फक्त केवलरामला सांगितलं.

दवाखान्यात निर्मलाबाई सहा दिवस जगली. "साहेब पुसतीन तं सांगा, बाईले पिन काढता आली नाही," ती म्हणाली. "धाग्याचं नाव घेऊ नोका. नोकरी जाईन तुमची."

केवलराम भेकड निघाला. तो धागा जळूनच गेला होता; बाकीचे तेरा त्यानं साहेब यायच्या आधी कापून टाकले. साहेबांनी तोच सिलिंडर चालवून पाहिला, झकास चालला. कागदावर तिचं ते वाक्य उतरलं, आणि केवलरामनं त्याखाली सही केली. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागलं नाही.

यंदा जूनमध्ये नव्या मुली आल्या. सिलिंडर कसा चालवायचा ते दाखवायला त्यानं त्यांना अंगणात बसवलं. वसतिगृहाच्या मालकीणबाईही खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यानं पिन उपसून दाखवली.

"इथं निर्मला नावाची बाई रांधत होती," तो म्हणाला. "तिले पिन काढता आली नाही, असं कागदावर लिवलं हाये. ते खोटं हाये. गाठ मी मारली होती. तिचे हात मजबूत होते, पोरीहो."