आठवी काडेपेटी

दिवाळीला बारा दिवस उरले होते आणि "किती दिवस राहिले?" असं विचारून माझ्या दोन्ही मुलींनी मला भंडावून सोडलं होतं. मोठी दहा वर्षांची, धाकटी सहाची. शेवटी मी कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याकडून बारा रिकाम्या काडेपेट्या मागून आणल्या, त्यांना रंगीत कागद चिकटवले आणि सुतळीत ओवून जिंतूरच्या आमच्या घराच्या खिडकीला माळ बांधली. रोज एक पेटी उघडायची. आत एक चिठ्ठी, चिठ्ठीत दुसऱ्या कुणासाठी तरी करायचं एक काम. बारा पेट्या संपल्या की दिवाळी.

कामं साधीच होती. पहिल्या दिवशी गल्ली झाडणाऱ्या बाईंना चहा. त्या ओट्यावर बसून चहा प्यायल्या, तोवर धाकटी त्यांचा खराटा सांभाळत उभी होती. चौथ्या दिवशी ज्याच्याशी कट्टी आहे त्याच्याशी बट्टी करायची होती. धाकटी रडवेली झाली. "माझी कुणाशीच कट्टी नाही. आधी करून येऊ का?"

आठव्या चिठ्ठीत मी लिहिलं होतं : ज्यांना बरेच दिवस फोन केला नाही, त्यांना फोन करा. लिहिताना गावाकडचे काका, मामी डोळ्यांसमोर होते.

त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते. मोठी माझा मोबाईल घेऊन आतल्या खोलीत बसली होती. तिचं बोलणं कानावर येत होतं. "जेवलात का आजी? मी जिंतूरहून बोलतेय."

"कोणत्या आजी गं?" मी विचारलं.

तिनं बाहेर येऊन मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यावर नाव होतं, 'ताई'.

ताई, माझी सख्खी मोठी बहीण, जाऊन दोन वर्षं झाली होती.

पिठाच्या हातानंच मी तो कानाला लावला. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. मग एक म्हातारा आवाज आला, "पोरी, ठिवलास का?" मी फोन बंद केला.

"हा नंबर का लावलास?"

"तूच चिठ्ठीत लिहिलंयस. मावशीला दोन वर्षांत कुणीच फोन केला नव्हता." मग ती हळूच म्हणाली, "मला वाटलं लागणार नाही. पण लागला."

आवाज मी ओळखला होता. ताईची सासू. ताई त्यांना आत्याबाई म्हणायची, म्हणून मीही. ताईला पाथरीला दिलं होतं. मूलबाळ नव्हतं. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. मातीला जमलेल्या माणसांसमोर मी आत्याबाईंना नको नको ते बोलले. तुम्ही तिला वेळेवर परभणीला नेलं नाही, तुम्हीच मारलंत तिला. त्यानंतर त्या घराशी संबंध तोडला.

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. ताई गेली त्या दुपारी तिनं मला तीनदा फोन केला होता. आईनं उन्हाळ्यात कुणाकडे राहायचं यावरून आमचं वाजलं होतं आणि मी रुसले होते. मोबाईल समोर वाजत होता, मी बघत होते. उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोबाईल वाजला. 'ताई'. मी तो टेबलावर पालथा घातला. वाजायचा थांबला, तरी हाताला त्याची थरथर जाणवत राहिली. संध्याकाळी पुन्हा. त्याच्या पुढच्या दिवशीही. दर वेळी डोकं ठिकाणावर यायच्या आधी मनात एकच यायचं, ती चौथ्यांदा लावतेय.

अकराव्या दिवशी मी उचलला.

"बाई, पोरीवर रागावू नको," आत्याबाई घाईनं म्हणाल्या. "मीच लावायलेय. तिचा आवाज लय तिच्या मावशीसारखा हाय गं. फकस्त ऐकायचा व्हता."

भाऊबीज झाल्यावर मोठीला घेऊन मी पाथरीला गेले. दाजी पुण्याकडे कामाला गेलेले, घरात आत्याबाई एकट्याच. ताईचा मोबाईल फडताळात, चार्जरला लावलेला. "बंद पडू देत न्हाई मी," त्या म्हणाल्या. त्यांनी मोठीला धपाटे वाढले, समोर बसून तिला बोलतं केलं आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या.

मोठी हात धुवायला अंगणात गेली तेव्हा मी म्हणाले, "आत्याबाई, त्या दिवशी तिनं मला तीनदा फोन केला होता. मी उचलला नाही."

"माहीत हाय. मीच तिच्या हातात दिला व्हता."

"मग मी एवढं बोलत होते, तेव्हा तुम्ही सगळ्यांपुढं का नाही सांगितलं?"

त्यांनी ताट उचललं. "तुला कुणावर तरी वरडायचं व्हतं. मी व्हते समोर."

"तिला काय सांगायचं होतं?"

"मला न्हाई बोलली."

परतताना बसमध्ये मोठीनं विचारलं, मावशी कशानं गेली? मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं, माझ्या न उचललेल्या फोनसकट. देवगाव फाट्यावर माणसं उतरली, चढली. मग ती म्हणाली, "तू फोन उचलला असतास तर ती वाचली असती?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

आता आत्याबाईंशी आठवड्यातून दोनदा बोलणं होतं. गुडघे, शेजारीण, मुलींची शाळा. ताईचा विषय आम्ही काढत नाही. बोलता बोलता दोघी गप्प झालो की ती येऊन मधे बसते, एवढंच. मग आत्याबाईच खाकरतात आणि विचारतात, "काय केलं व्हतं आज जेवायला?"