लग्न काढून टाकायचा धडा

वेबसाइट बनवून देणं मला आवडतं, पण तीच वेबसाइट गिऱ्हाइकाला चालवायला शिकवायची म्हटलं की अंगाची लाही लाही होते. समोरचा माणूस एकेक अक्षर हुडकत बसतो आणि माझे हात शिवशिवतात. आणा इकडं, मी करते, असं म्हणायचं नाही हा माझाच नियम. एकदा करून दिलं की जन्मभर फोन येतात. म्हणून मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते. वरून पायाला भिंगरी. आज नेर, उद्या मारेगाव, आणि बस चुकली की माझ्याइतकं वाईट बोलणारं जिल्ह्यात कुणी नसेल.

नेरला एक मंगल कार्यालय आहे, त्याची साइट मी केली. मालकीणबाईंना सगळं गाव काकू म्हणतं, मीही म्हणते. प्रत्येक लग्नाचं एक पान, त्यावर वधूवरांची नावं आणि तारीख, अशी त्यांची हौस. काकू चटकन शिकल्या, हे कबूल करायला पाहिजे. फक्त पहिलं पान त्यांनी गणपतीचं टाकलं. पहिली पत्रिका देवाची असते, मग पहिलं पान दुसऱ्या कुणाचं कसं, हा त्यांचा सवाल. साइटवर कितीतरी दिवस गणपतीच्या नावानं हॉल बुक दिसत होता. मी बोंबलले, पण त्यांनी ते हलवलं नाही.

गाडी अडली ती पान काढून टाकायच्या धड्यावर. लाल बटण दाखवलं तर काकूंनी माऊसवरून हात उचलला आणि पदराला पुसला. लग्न असं काढून टाकत नसतात, म्हणाल्या. अहो, हे नुसतं पान आहे, मी म्हटलं. त्यावर काकू म्हणाल्या, बांगडी फुटली तरी आपण वाढवली म्हणतो, आणि मी कोणाचं लग्न कचऱ्याच्या डब्यात टाकू काय? डब्याचं चित्र बटणावर मीच ठेवलं होतं. बरं बाप्पा, पुढच्या खेपेला, असं म्हणून मी बस गाठली.

पुढच्या खेपेला गेले तर कार्यालयात एक गृहस्थ आधीच बसलेले. शेतकरी माणूस, खांद्यावर दुपट्टा, चहाला हातही लावलेला नाही. त्यांच्या मुलीचं लग्न याच हॉलमध्ये ठरलं होतं. साक्षगंध, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, झालं, तारीख साइटवर चढली, आणि मग पोराकडचे फिरले. आता दुसरं स्थळ आलं होतं, रविवारी दारव्ह्याहून पाहुणे यायचे होते. त्यांच्यातल्या कोणीतरी मोबाइलवर मुलीचं नाव टाकलं, तर सगळ्यात वर हेच पान. तिचं नाव, शेजारी त्या पोराचं नाव, आणि तारीख पुढच्या वर्षीची.

पुढच्या वर्षीची कशी, हे मला कळेना. मग काकूंनीच सांगितलं. मोडलं असं कसं लिहावं, म्हणून त्यांनी पुढं ढकललं. तारीख बदलायला मीच शिकवलं होतं ना! त्यांच्या मते त्यांनी पोरीची लाज राखली होती. इकडं पाहुण्यांनी फोन करून विचारलं होतं, तिकडचं अजून चालू हाये काय? हे सांगून त्या बापानं चहाचा कप आणखी दूर सरकवला.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, काकू, दाबा ते बटण, आत्ताच्या आत्ता. त्या ढिम्म. या छपराखाली ठरलेलं मी माझ्या हातानं मोडणार नाही, म्हणाल्या. मग मी मोडते, म्हणून मी मोबाइल काढला, तर त्यावर त्यांनी हात ठेवला. रागानं नाही, विनवणी केल्यासारखा. खरं सांगते, मला त्यांची दयाही आली आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. घड्याळ पाहिलं. संध्याकाळी यवतमाळात एका दवाखान्याला शिकवायचं होतं. बसमध्ये बसल्यावर गुपचूप उडवून देऊ, असं मनात ठरवून टाकलं आणि पर्स उचलली.

तेवढ्यात ती मुलगी आत आली. वडलांना स्कूटीवर घेऊन तीच आली होती आणि इतका वेळ बाहेर उन्हात थांबली होती. काय चाललंय हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. ती सरळ टेबलाजवळ आली.

"काकू, सरका जराशा," ती म्हणाली. "माह्यं लग्न हाये, मीच काढतो."

काकू उठल्या. एवढा वेळ जागची न हललेली बाई पोरीसाठी मुकाट्यानं खुर्ची सोडून बाजूला झाली. मुलीनं पान उघडलं आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. मला राहवेना, बटण कुठं आहे ते मी बोटानं दाखवलं. तिनं दाबलं. तशी पडद्यावर ती चौकट आली. चुकून काही उडू नये म्हणून सगळ्याच साइटवर येते, माझं तर आताशा तिच्याकडं लक्षही जात नाही. हे पान कायमचं काढायचं आहे. तुमची खात्री आहे का? खाली हो आणि नाही.

ती थांबली. मला वाटलं, हिचाही हात अडला. पण ती चक्क हसली.

"लग्न जमवतानी मले हे कोणंच इचारलं नव्हतं," ती म्हणाली, आणि हो दाबलं.

पान गेलं. काकूंनी डोळे मिटून हात जोडले. मी बसबिस विसरून उभी होते. मुलगी उठली, गाडीची चावी हातात घेतली, दाराकडं निघाली. बाप मात्र खुर्चीवरच. दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि पोरीला हाक मारली.

"माय, रविवारी त्यायले येऊ देऊ काय?"

ती दारातच वळली. असं विचारलं जाईल हे तिच्या ध्यानीमनीही नसावं.

"उद्या सांगीन," ती म्हणाली.