मेलेल्या माणसाचा श्वास

माझी सून काय काम करते हे लोकांना सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. ती सिनेमाच्या कंपनीत आहे म्हटलं की लोक तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात, आणि तिच्या अंगावर बहुतेक वेळा माझ्या मुलाचा जुना स्वेटर असतो. मग सांगावं लागतं की ती जुने सिनेमे साफ करते. आवाज यायच्या आधीच्या काळातली रिळं कुठल्या तरी तळघरात सापडतात. त्यांच्यावर बुरशी चढलेली असते, ओरखडे पडलेले असतात. कंपनी ती सगळी कॉम्प्युटरवर उतरवून घेते. वरवरचा कचरा यंत्र काढतं आणि यंत्राला जमत नाही ते हिच्याकडे येतं. ही घरी बसून रिळातलं एकेक चित्र उघडते आणि त्यावरचे डाग टिपते. पडद्यावरचा माणूस दार उघडून खुर्चीत बसेपर्यंत हिचे दोन दिवस जातात.

माझा मुलगा तिला धूळवाली म्हणायचा. ती नवी होती तेव्हा टोमणे मारायची हौस मीही भागवून घेतली. “घरात जळमटं लोंबतायत आणि आमच्या बाईंना धूळ काढायचा पगार मिळतो,” असं मी एकदा तिच्यासमोरच शेजारणीला म्हटलं. ती खो खो हसली. “आई, जळमटांचे वेगळे पडतील,” म्हणाली. तेव्हापासून आमचं जमलं.

तिचं टेबल बाहेरच्या खोलीत, भिंतीला लावलेलं होतं. तोंड भिंतीकडे, पाठ खोलीकडे, कानात गाणी. पाठीमागे सोफा. माझा मुलगा शाळेत भूगोल शिकवायचा. शनिवारी दुपारी घरी आला की त्या सोफ्यावर आडवा व्हायचा आणि पेपर वाचता वाचता झोपायचा. एका शनिवारी तो तसाच झोपला आणि झोपेतच गेला. मधे हिने एकदा उठून त्याच्या तोंडावरचा पेपर काढला होता, घडी करून बाजूला ठेवला होता आणि पुन्हा कामाला बसली होती. चहाच्या वेळी मी कप घेऊन बाहेर आले. हिने त्याला हाक मारली, मग हलवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, हा श्वास घेतोय ना?”

मी कप खाली ठेवले. 

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, तुम्ही शेजारी बसला असतात तरी कळलं नसतं. तसंच असेल.

लोक आले, गेले. आम्ही दोघी रडलो, मग तेही थांबलं. भूक लागायची, झोप यायची, दूध उतू जायचं नाही, दिवे वेळेवर लागायचे. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गालाचं होतं तसं काहीतरी झालं होतं. गाल आपलाच असतो, पण चावला तरी समजत नाही.

पुढे ती कामाला बसली. बसायच्या आधी तिने टेबल ओढून फिरवलं. आता पाठ भिंतीकडे आणि तोंड खोलीकडे. त्यामुळे खिडकीचा उजेड कॉम्प्युटरवर यायला लागला, म्हणून तिने खिडकीच्या पातळ पडद्यांवरून जुनी चादर टांगली. दिवसभर खोलीत अंधार. मी सोफ्याच्या एका टोकाला बसायची. कधी डोळा लागला आणि जाग आली, तर ती काम सोडून माझ्याकडे बघत असायची.

“काय गं?”

“काही नाही. झोपा तुम्ही.”

त्या दिवसांत तिच्याकडे जो सिनेमा होता तो भुताचा होता. त्याच्या काळात म्हणे लोक बघता बघता थिएटरबाहेर पळायचे. आता तो स्वच्छ करून डिस्कवर काढायचा होता, लोकांना घरी बघायला. गोष्ट साधी. एका बाईचा नवरा मेला आहे. पुढच्या खोलीत त्याला टेबलावर ठेवलंय आणि ती रात्रभर एकटी त्याच्याजवळ बसली आहे. पहाटे प्रेत उठून बसतं. कंपनीने हे काम दुसऱ्या कुणाला देऊ का असं विचारलं होतं. ही म्हणाली, नको, सुरू मी केलंय.

टेबलावरच्या त्या दृश्यावर इतके ओरखडे होते की खोलीत पाऊस पडतोय असं वाटायचं. ते टिपत टिपत ती बरेच दिवस चालली होती. एके दुपारी तिने मला बोलावलं. “आई, जरा इकडे या. हे बघा.”

पाऊस थांबला होता. टेबलावरचा माणूस अगदी स्पष्ट दिसत होता, मिशीच्या केसासकट. आणि त्याची छाती हलत होती. हळूच वर, हळूच खाली. बिचाऱ्या नटाला एवढा वेळ दम धरता आला नव्हता.

“श्वास घेतोय की मेला,” मी म्हणाले. बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले. ती हसली नाही, रडलीही नाही. तिने ते पुन्हा लावलं.

तिच्या साहेबांना माझा मुलगा मुकादम म्हणायचा. झालेला भाग तिने त्यांना बघायला पाठवला, आणि त्यांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. ती फोन टेबलावर ठेवून बोलते, त्यामुळे सगळं मला ऐकू येतं.

“बाई, प्रेत हलतंय!”

“प्रेत नाही, सर. नट श्वास घेतोय.”

“तेच ते. थांबवा त्याला. एक चित्र घ्या आणि छातीचा तेवढा भाग पुढच्या सगळ्यांवर चिकटवा. तुमच्या डाव्या हातचा मळ आहे.”

“ते मुळात आहे, सर. डाग नाही तो.”

“अहो, तेव्हा अंधारात कुणाला दिसलं असेल? आता लोक घरी बघणार. हातात रिमोट. थांबवतील, मागे नेतील, एकमेकांना दाखवून खिदळतील. पहाटे तो उठून बसतो तेव्हा माणूस दचकायला हवा. आधीच श्वास घेताना दिसला तर कोण दचकेल?”

त्यांच्या बोलण्यात मला तरी काही चूक दिसली नाही.

“मी नाही थांबवणार,” ती म्हणाली.

 मग ते म्हणाले, “तुमच्या घरी काय झालंय ते मला माहीत आहे, बाई. पण काम ते काम. सोमवारपर्यंत करून पाठवा. नाहीतर पुढचं तुम्हाला देता येईल असं मला वाटत नाही.”

ते काम होतं म्हणून ती सकाळी उठत होती, एवढं मला कळत होतं. ते गेलं तर ती उठून कुठे बसेल, हे मला समोर दिसेना.

भाजी निवडताना तिने विचारलं, “आई, तुम्ही काय केलं असतं?”

“मी थांबवला असता. शंभर वर्षांपूर्वीचा कोण कुठला माणूस. कधीच गेला असेल तो. त्याला काय फरक पडतोय?”

“त्याला नाही पडत,” ती म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

रविवारी तिने ते करून बघितलं. मी सोफ्यावर होते, पडदा मला दिसत नव्हता. तिचा चेहरा दिसत होता. साहेबांनी सांगितलं तसं तिने चिकटवलं, आणि मग हात मांडीवर ठेवून ते बघत बसली. बराच वेळ. मी विचारलं, “झालं?”

“झालं. सोपं होतं. काहीच कळत नाही, केलंय ते.”

मग तिने ते सगळं काढून टाकलं. सोमवारी श्वासासकट पाठवून दिलं.

मुदत तोंडावर आली होती, म्हणून ते तसंच गेलं. पुढचं काम मात्र आलं नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. तिने खिडकीवरची चादर काढून धुतली. मग स्टुलावर चढून घरातली सगळी जळमटं काढली. वेगळे पैसे मागितले नाहीत.

डिस्क कुरियरने आली. बघायला तिचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको आले. दुपारची वेळ होती, पण भाऊ म्हणाला भुताला अंधार पाहिजे, आणि त्याने पडदे ओढले. तो सोफ्यावर ऐसपैस बसला. ही टेबलाजवळच्या खुर्चीत.

“ताई, यातलं तू नक्की काय केलंयस?”

“नाहीये ते मी केलंय.”

“म्हणजे दिसणारच नाही! छान नोकरी आहे.”

टेबलावरचं दृश्य आलं.   भाऊ एकदम पुढे सरकला.

“अरे, हा बघा! मेलेला श्वास घेतोय!” त्याने रिमोट उचलला, मागे नेलं, पुन्हा लावलं आणि हसत सुटला.

“अहो, गप्प बसा ना,” त्याच्या बायकोने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. ती हिच्या तोंडाकडे बघत होती.

“दिसतोय तुला?” हिने विचारलं.

“दिसतोय काय, ताई! भाता चाललाय नुसता!”

“आई, घेतोय ना श्वास?”

“हो,” मी म्हणाले. “घेतोय.”

तिने मान हलवली. भावाने ते अजून एकदा मागे नेलं आणि आम्ही चौघांनी ते अजून एकदा बघितलं. मग सिनेमा पुढे गेला, पहाट झाली आणि प्रेत उठून बसलं. दचकलं कोणीच नाही. मुकादमांचं म्हणणं बरोबरच होतं.