गायींनी खाल्लेलं विमान

आमच्याकडे लग्नकार्यात जेवणं आटोपली, की कुणीतरी मला गायींनी खाल्लेल्या विमानाची गोष्ट सांगायला लावतंच. मी सांगतो, लोक हसतात. त्यात गायींवर जरा अन्याय होतो. तो आज दुरुस्त करतो.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते. भंडाऱ्याच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना परदेशी मासिक मिळालं. कुण्या गृहस्थानं मोटारीचं इंजिन लावून घरच्या घरी विमान केलं होतं, त्याचे नकाशे त्यात होते. मी मोटार मेकॅनिकचा कोर्स करून आंधळगावात रिकामा बसलो होतो. वडिलांनी भातगिरणीसाठी एका जुन्या मोटारीचं इंजिन आणून ठेवलं होतं. एवढं जुळून आल्यावर कोण थांबतो?

वडिलांनी अट घातली. "उडलं त इंजिन तुमचं. नाई उडलं त ते गिरणीवर. अन् मंग तूई गिरणीवरच."

दीड वर्ष भाऊजी दर रविवारी एसटीनं येत राहिले. सांगाडा सागाचा केला. पुढचा पंखा बैलगाडीची चाकं करणाऱ्या वाढयानं, म्हणजे सुतारानं, तासून दिला. देताना म्हणाला, "बाकी सारं ठीक हाय, पण बैल कोठी जुंपाचे?"

पंखांना मांजरपाट लावला. तो ताणून बसावा म्हणून मासिकात एक रंग सांगितला होता, पण त्याचं नावही भंडाऱ्यात कुणी ऐकलं नव्हतं. ताई म्हणाली, "लुगड्याले देतो तशी पेज द्या नं." आम्ही धानवाले, पेजेला काय तोटा! तीन हात दिले. कापड ढोलकीसारखं वाजू लागलं आणि आम्ही स्वतःवर खूश झालो.

वैशाखात गावाबाहेरचा तलाव आटला. मधे एक डबकं तेवढं उरलं, बाकी सगळा तळ सपाट आणि टणक. धावायला याहून चांगली जागा जिल्ह्यात नव्हती.

भाऊजी म्हणाले, "आंधी तू बस. तुयात हाय काय, हाडं अन् शर्ट. पण दुसरी पाळी माही, समजलं?" ही 'माही पाळी' दीड वर्ष त्यांच्या तोंडी होती. जेवताना, रंधा मारताना, एसटीत चढतानासुद्धा.

सकाळी सारं गाव तलावाच्या काठावर जमलं. भाऊजींनी हातानं पंखा फिरवला आणि इंजिन सुरू झालं. विमान असं हादरत निघालं, की माझे दात वाजायला लागले. मग एकाएकी हादरे थांबले. चाकांनी जमीन सोडली होती.

मी डोळे गच्च मिटले. काही ठरवलं नाही. हातानंच इंजिनाची दांडी मागे ओढली. विमान धपकन खाली आलं, उसळलं आणि डबक्याजवळ जाऊन थांबलं. तिथे गायी पाणी पीत होत्या. इंजिन बंद पडल्यावर त्या जवळ आल्या. एकीनं पंखाला जीभ लावली. पेज आवडली असावी, कारण तिनं बाकीच्यांनाही जागा करून दिली. मी जागेवर बसूनच "हाड, हाड" करत राहिलो. लोक धावत पोचेपर्यंत डाव्या पंखाच्या नुसत्या बरगड्या उरल्या होत्या.

वडील शब्दाचे पक्के. "उडलं बा," ते म्हणाले. "चाकाखालून उजेड पायला म्या. इंजिन तुमचं."

भाऊजी नाचायचेच बाकी होते. "नवा मांजरपाट आणतो! येत्या रविवारी माही पाळी!"

आणि मी म्हणालो, "बाबा, गिरणीवरच बसवा इंजिन."

भाऊजी माझ्याकडे वळले. "काहून बे?"

"गाईनं खाल्लं नं सारं."

"एक पंख खाल्ला. इंजिन खाल्लं काय?"

मी पाऊस जवळ आल्याचं सांगितलं, धानाचं सांगितलं. लोकांना वाटलं, पोरगा सुधारला. वडिलांचे तर डोळे भरून आले. खरं कारण एवढंच, की भाऊजींच्या पाळीनंतर पुन्हा माझी पाळी आली असती.

पुढच्या रविवारी भाऊजी आले. इंजिन गिरणीला जोडणं फिटरचं काम, ते मला एकट्याला जमणार नव्हतं. दिवसभर खपून त्यांनी ते बसवलं, पट्टा चढवला, धान घालून पाहिलं. मग कोंड्याच्या पोत्यावर बसून चहा घेताना, माझ्याकडे न बघता विचारलं, "वरतून कसा दिसे तलाव?"

मी सांगायला लागलो. काठावरची माणसं मुंग्यांएवढी. डबकं रुपयासारखं चकचकीत. पलीकडे मोहाडीचा रस्ता, त्यावर एक खेळण्यातली एसटी. मी जेमतेम पुरुषभर उंच गेलो होतो, आणि भाऊजी मागून धावत होते. किती उंच गेलो ते त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"अन् वैनगंगा?" त्यांनी विचारलं.

"दिसे नं. भंडाऱ्याच्या पुलापर्यंत."

त्यांनी चहा बशीत ओतला. "मंग सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग."