साइटवर कुणाला किती जागा

आमच्या जव्हारात वेबसाइट आली ती समिती करून आली. एरवी दोन माणसं एका कामाला एकत्र येणार नाहीत, पण समिती म्हटली की सात जण धावतात, कारण समितीत खुर्च्या असतात.

दोन हजारानंतरची पहिली सालं असतील. तेव्हा आमचा जिल्हा ठाणेच. एसटी स्टँडच्या वरच्या अंगाला एक सायबर कॅफे निघालं होतं. मी तिथं जाऊन जाऊन, बघून बघून, एका बोटानं टाइप करायला शिकले होते. कुणी शिकवलं नाही, आणि कुणी अडवलंही नाही, कारण दुपारी तिथं दुसरं गिऱ्हाईकच नसे.

साइटची गरज निघाली ती मुखवट्यांमुळं. माझं माहेर पोशेऱ्याकडचं. तिथल्या पाड्यावर एक दादा बोहाड्याचे मुखवटे करतात. बोहाड्याला देवाची, राक्षसांची सोंगं नाचतात ना, त्यांचे चेहरे यांच्या हातचे, कागदाच्या लगद्याचे. नात्याचे नव्हेत, पण माहेरचे म्हणून मी दादा म्हणते, त्यांच्या बायकोला वहिनी म्हणते, आणि दोघं मला बाय म्हणतात. भात-नागली घरात आली की दिवाळीनंतर ही दोघं भिवंडीकडं वीटभट्टीवर जात, ती उन्हाळ्यातल्या बोहाड्यापर्यंत. मुखवट्यांवर वर्ष निघत नव्हतं.

एकदा मुंबईची एक दुकानवाली बाई, शिवाजी महाराजांचा मुक्काम पडला होता तो शिरपामाळ बघायला आली होती. पाणी मागायला आमच्या घरी टेकली आणि भिंतीवरचा दादांच्या हातचा नरसिंह बघून खिळलीच. म्हणाली, "असे आणखी आहेत? फोटो नेटवर टाका. मी आणि माझा भागीदार दिवाळीच्या आधी बघतो. पसंत पडले तर प्रदर्शनाचं सगळं काम त्यांनाच."

मी पोशेऱ्याला जाऊन सांगितलं. वहिनी म्हणाली, "बाय, दिवाळीच्या आधी काम आला तं आम्ही भट्टीवर नाय जायाचो. नाय आला तं भट्टीच्या मुकादमाला हो बोलू. तो काय थांबं नाय."

बस, एवढंच काम होतं. दादांच्या नऊ मुखवट्यांचे नऊ फोटो दिवाळीच्या आधी एका बाईला दिसायला हवे होते. पण कॅफेवाल्यानं ही गोष्ट एका निवृत्त साहेबांच्या कानावर घातली, आणि साहेबांना निवृत्तीनंतर प्रथमच झोप लागली नाही. आठवड्यात समिती झाली. 'तालुक्याचं वैभव' जगापुढं आणायचं ठरलं. मला घेतलं, कारण एक बाई असावी लागते.

साइट ठेवायला परक्या कंप्यूटरवर जागा भाड्यानं घ्यावी लागते, त्याला होस्टिंग म्हणतात. नाशिकचा एक होस्टिंगवाला होता, त्याला स्पीकरवर फोन लावला. बिचाऱ्यानं साधे प्रश्न विचारले. फोटो किती, केवढे मोठे? महिन्याला माणसं किती येतील?

"लाखो," साहेब म्हणाले.

खजिनदार हे आडत्याचे जावई. ते फिसकन हसले. "मोखाड्याची एसटी अर्धी रिकामी येते, साहेब, तिथं साइटवर कोण मरायला येतंय? सगळ्यात बारकी जागा घ्या."

"जग बघणार आहे, जग!"

"मग जगाला सांगा पैसे भरायला."

गुरुजी म्हणून एक होते, कवी. त्यांनी मधेच विचारलं, "कवितेला किती जागा लागते?"

मी म्हटलं, "आधी बघणार कोण ते ठरवा ना. दुकानवाली बाई बघणार आहे."

"वहिनी, तुम्ही ते बाकीच्या बायकांचं बघा," साहेब मला म्हणाले. बाकीच्या बायका कोण, हे मला आजवर कळलेलं नाही.

शेवटी काय ठरलं, तर भाषण लाखोंचं आणि जागा बारकी. आमच्याकडचे सगळे मोठे निर्णय असेच होतात.

मग फोटो आले. लग्नपत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर यावरून आमच्याकडं भावकी तुटते, हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. पहिल्याच पानावर साहेबांचा फोटो. मग खजिनदार म्हणाले, माझा का नको? मग सगळ्यांचेच. कॅफेवाल्यानं स्कॅन केले ते भिंतीवर लावायच्या मापाचे. तो म्हणाला, "जरा लहान करतो, नाहीतर पान फार जड होईल."

"लहान?" गुरुजी ताठ झाले. "साहेब वीतभर आणि मी अंगठ्याएवढा? मी उपाध्यक्ष आहे."

मानानं मानाशी बरोबरी करता करता सातही चेहरे साहेबांच्या मापाचे झाले. (मी माझा दिला नाही. म्हणून सात भरायला साहेबांनी आपले दोन लावले, एक फेट्याचा.) दादांचे मुखवटे कुठं? सर्वांत खाली, गुरुजींच्या कवितेच्या खाली.

मॉनिटरला हार घालून, टेबलापाशी नारळ फोडून उद्घाटन झालं. फोनच्या लाइनवरचं नेट ते. साहेबांचा फोटो वरून खाली उतरू लागला. आधी फेट्याचा तुरा, मग फेटा, मग कपाळ. कपाळाला फार वेळ लागला. भुवयांशी लाइन तुटली. पुन्हा पहिल्यापासून. टाळ्या मात्र तुऱ्यालाच वाजल्या होत्या.

आणि मग जे झालं ते आमच्याच लोकांनी करावं. सहाही जणांनी आपापल्या भाच्या-पुतण्यांना फोन केले, ठाण्याला, पुण्याला, मोठ्या ऑफिसांत, जिथं नेट जोरात चालतं. "माझा फोटो जगात लागलाय, बघ. आणि तुझ्या साहेबांना दाखव." पोरं रोज उघडत होती, सासऱ्यांना दाखवत होती. खजिनदारांच्या मुलीनं म्हणे सगळ्या ऑफिसात मेल पाठवली. दिवाळी तोंडावर आली आणि एका सकाळी कॅफेत साइट उघडली तर पांढऱ्या पानावर इंग्रजी ओळ. बँडविड्थ संपली.

मी नाशिकला फोन लावला. होस्टिंगवाला समजावून म्हणाला, "काकू, घागर भरून ठेवायला किती जागा, हे एक. आणि ती किती जणांनी किती वेळा वाहून न्यायची, हे दुसरं. प्रत्येकानं उघडलं की पुरं पान वाहावं लागतं. तुमचं पान सात चेहऱ्यांनी जड आहे. महिन्याची वाहतूक संपली. एक तारखेला आपोआप उघडेल, किंवा जास्तीचे पैसे भरा, आत्ता उघडतो."

मी समितीपुढं गेले. खजिनदार म्हणाले, "एक तारखेला फुकट उघडणार ना? मग?"

"दुकानवाली बाई या आठवड्यात बघणार आहे."

"वहिनी," साहेब प्रसन्न होते, "गर्दीनं साइट बंद पडली! मी लाखो म्हणालो होतो की नाही?"

घरचीच पोरं आपल्या मामांची तोंडं बघून गेली, त्याला हे गर्दी म्हणाले. आणि पेढे वाटले. पेढे मी खाल्ले नाहीत, आणि मी पेढा नाकारणारी बाई नव्हे.

मुंबईहून बाईचा फोन आला. साइट उघडत नाही म्हणाली. मी एक तारीख सांगितली, तिनं बरं म्हटलं. पण मुकादम थांबणार नव्हता, पाड्यावर वहिनीला मी काय तारीख सांगणार? भाऊबीज झाली, मुकादमाचा ट्रक पाड्याखाली उभा राहिला, आणि दोघं बोचकी घेऊन बसली.

एक तारखेला साइट उघडली. बाईनं बघितलं, लगेच फोन केला. नऊच्या नऊ पसंत, आणखी हवेत, पण प्रदर्शन जवळ आलंय. मी म्हटलं, करणारा विटा थापतोय. ती म्हणाली, "मग आता पुढच्या वेळी बघू."

साइटचा पासवर्ड समितीत कुणाच्या लक्षात राहीना म्हणून माझ्याकडं ठेवला होता. मी कॅफेत बसले आणि सातही चेहरे एकेक करून काढले. कविता काढली. फेटा सर्वांत शेवटी काढला, सावकाश.

साहेब धापा टाकत आले. "माझे फोटो कुठं गेले?"

"जागा नव्हती, साहेब."

"पण समितीचा ठराव..."

"तो जड होता."

वर्षभर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. तेवढीच शांतता.

बोहाड्याला दादा-वहिनी परत आली. दोघांना घेऊन मी कॅफेत गेले. पान झटकन उघडलं, वरच नरसिंह, मग रावण, मग शारदा. दादा वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "रावणाचा कान उडालाय. ह्यो दाखवू नका. मी दुसरा करतो."

वहिनी मुखवट्यांकडं बघतच नव्हती. ती भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. "बाय, यंदा दिवाळी कंदी हाय?"

मी पान उलटून दाखवलं. तिनं त्या चौकटीवर बोट ठेवलं आणि तसंच धरून म्हणाली, "त्या दुकानवालीला आताच बघाया सांगा."

समितीला विचारायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या बूथवर वहिनीला जवळ उभी करून मी मुंबईला फोन लावला.