खाडीतल्या खंडूचा चित्रकार

नौपाड्यातल्या एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात महेंद्र तेहतीस वर्षं शिपाई होता, आणि शिपायापेक्षा जास्त बांधणीवाला. कुठल्याही पुस्तकाची पाठ निखळली, पानं सुटली की ते त्याच्या मागच्या खोलीत यायचं. तिथे त्याचा पुस्तकं दाबायचा शिकंजा, दाभण, सुरी आणि कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या खळीचा डबा. वास असा की सभासद दारातूनच परत फिरत. महेंद्रला त्याचं काहीच वाटत नसे. कोणी फिरकत नाही म्हणून तर त्याला निवांत वाचायला मिळायचं.

वाचायला म्हणजे खरं तर बघायला. चित्रकलेची मोठी, जड पुस्तकं काचेच्या कपाटात कुलूपबंद असत. घरी न्यायला मनाई, आणि बसून बघायचं तर किल्ली मागायला कुणाला संकोच, कुणाला कंटाळा. दुरुस्तीच्या निमित्ताने ती महेंद्रकडे येत, आणि एका दुरुस्तीला किती महिने लागतात हे विचारायची बुद्धी कुठल्याच कार्यकारिणीला झाली नाही. कोपरीच्या चाळीत वाढलेला, बारावीला शिक्षण सुटलेला हा माणूस शब्दकोश शेजारी ठेवून चित्रांखालच्या इंग्रजी ओळी लावत बसे. अजिंठ्याच्या पुस्तकाने त्याला पहिला धक्का दिला. जातककथा त्याने लहानपणापासून विहारात ऐकल्या होत्या. पण इथे भिंतीवरच्या एकाच चित्रात तोच राजा तीनदा होता, आधी सिंहासनावर, मग दाराशी, मग रानात. चौकटी नाहीत, तरी गोष्ट पुढे सरकते आहे! ‘ही तर चित्रकथाच की,’ तो एकटाच मोठ्याने म्हणाला. तिथून नाद लागला तो लागलाच. पिंगुळीची चित्रकथी, जपानी लाकडी ठशांची चित्रं, युरोपातल्या वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्या, जे हाताला लागेल ते तो बघत गेला आणि वह्या भरत गेला.

सही नसलेल्या चित्राचा चित्रकार कसा ओळखायचा, हेही त्याला अशाच एका पुस्तकात सापडलं. चेहऱ्याकडे बघू नका, चेहरा चित्रकार जपून काढतो. कान बघा, बोटं बघा, जिथे हात सवयीने फिरतो तिथे बघा. महेंद्रने ती युक्ती ‘झोपाळा’ नावाच्या, केव्हाच बंद पडलेल्या मुलांच्या मासिकावर चालवून पाहिली. त्यात दर महिन्याला दोन पानं ‘खाडीतला खंडू’ ही चित्रकथा येई, ठाण्याच्या खाडीत होडी चालवणाऱ्या एका इरसाल माणसाची. अकरा वर्षांचे अकरा खंड त्याने पालथे घातले. अंगठा नेहमी बाहेरच्या बाजूला वळलेला, पाण्याच्या रेघा नेहमी तीन-तीनच्या. अकराही वर्षं एकच हात होता. नाव मात्र कुठेच नव्हतं.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना ऋजुता आली. मराठी चित्रकथांच्या इतिहासावर ती पुस्तक लिहीत होती. ‘झोपाळा’चे खंड मागायला आली आणि महेंद्रच्या वह्या बघून तिथेच बसली.

“काका, हे सगळं तुम्ही लिहिलंयत? सीरियसली? लोक यावर पीएचडी करतात!”

इतक्या वर्षांत त्या इमारतीत त्याच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. डोळे भरून आले, म्हणून तो खळ ढवळत बसला.

ऋजुतानेच चित्रकार शोधून काढला. त्र्यंबक नावाचे गृहस्थ, वय एक्क्याण्णव, डोंबिवलीला मुलीकडे राहतात. खंडू आपलाच, असं त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं. मूळ चित्रं आणि जपून ठेवलेले अंक कल्याणच्या तळमजल्यावरच्या घरात होते, ते २००५च्या पुरात गेले. पण पुस्तकाच्या प्रकाशकाचे हात पूर्वी अशाच एका वादात पोळले होते. छापील पुरावा द्या, नाहीतर खंडूच्या खाली ‘चित्रकार अज्ञात’ असं जाईल, हा त्याचा हेका. यावर त्र्यंबकरावांचं उत्तर सोपं होतं. संपादक पानात सही करू देत नसत, मात्र मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, मुद्रकाच्या नावाखाली, चित्रकाराचं नाव दर महिन्याला छापलं जाई.

ऋजुता धावतच मागच्या खोलीत आली. “काका, या खंडांत कव्हर्स कुठेत?”

मुखपृष्ठं त्यानेच काढली होती. नोकरीला लागला त्याच वर्षी जुन्या ग्रंथपालांनी त्याला बसवून शिकवलं होतं, की आधी पिना काढायच्या, मग मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं बाजूला टाकायची, बारा अंक एकत्र शिवायचे, तिन्ही कडा सुरीने साफ करायच्या. मुखपृष्ठाचा कागद जाड, खंड फुगतो, आणि कपाटं आहेत तेवढीच. ग्रंथपालांनी हे सांगितलं नसतं तर जगबुडी झाली असती असं नाही. पण त्यांना शिस्त हवी होती आणि महेंद्रला नोकरी. त्याने नुसतं ऐकलं नाही, तर त्यात हात बसवला. एकाही अंकाला एकही मुखपृष्ठ राहिलं नाही.

“मीच काढलेली,” तो म्हणाला. “रद्दीत गेली.”

ऋजुता म्हणाली, “दुसऱ्या लायब्ररीत असतील ना. बघू या आपण.”

नौपाड्यापासून बदलापूरपर्यंत ‘झोपाळा’ ठेवणारी सहा ग्रंथालयं निघाली. पहिल्या ठिकाणी महेंद्रने खंड उलटा धरला, शिवणीच्या टोकाची गाठ पाहिली आणि खाली ठेवला. ऋजुताला कळेना. त्याला सांगायचीही लाज वाटत होती. त्याचे खंड इतके नेटके असत, की एकेक करत आसपासच्या ग्रंथालयांनीही जुनी मासिकं बांधायला त्यालाच बोलावलं होतं. दर रविवारी तो पिशवीत दाभण घालून जायचा आणि अभिमानाने मुखपृष्ठं फाडायचा. सहापैकी पाच ठिकाणी तीच गाठ. दुसऱ्याचा हात ओळखायला शिकलेल्या माणसाला गावोगाव आपलाच हात सापडत होता.

सहावं ग्रंथालय कल्याणचं. तिथे बांधणीचं काम कधी निघालंच नव्हतं, आणि माळ्यावर सुतळी बांधलेला एक गठ्ठा होता, मुखपृष्ठांसकट. ऋजुताने आनंदाने महेंद्रचा दंड धरला. पण गठ्ठा हातात घेताच त्याला वजनावरून कळलं. छप्पर गळून अंक कितीदा तरी भिजले आणि वाळले होते. साधा कागद भिजला तर सुटतो, गुळगुळीत मुखपृष्ठाचा कागद भिजला की एकमेकाला धरतो आणि मग सोडत नाही. त्याने दोन दुपारी घालवल्या. वाफ दिली, बोथट सुरी घातली, श्वास रोखून एकेक कोपरा उचलला. आतली पानं निघाली. खंडू होडीत उभा, अंगठा बाहेर, तीन रेघांचं पाणी. मुखपृष्ठाचा थर मात्र आला तो पापुद्र्यांनी. एका तुकड्यावर ‘चित्रे :’ एवढंच वाचता आलं. पुढचं नाव समोरच्या कागदाला चिकटून गेलं होतं आणि तो कागद त्याच्या बोटांत चुरला. तिथल्या बाई म्हणाल्या, “अहो, असू दे. टाकायचंच होतं ते.” तेव्हा महेंद्र त्यांच्यावर खेकसला. आयुष्यात पहिल्यांदा तो ग्रंथालयात आवाज चढवून बोलला असेल.

आठ महिने असे गेले. शेवटी ऋजुताने प्रकाशकाशी भांडून एक सवलत मिळवली. खुद्द चित्रकाराचं चित्रित केलेलं निवेदन आणि सोबत महेंद्रचं हात ओळखण्याचं टिपण, एवढ्यावर तो नाव छापायला तयार झाला. पुस्तक छपाईला जायला चार दिवस होते. महेंद्रने ग्रंथालयाची परवानगी काढून एक खंड बरोबर घेतला, आणि दोघं सकाळीच डोंबिवलीला गेले.

सुमतीबाईंनी दार उघडलं. त्र्यंबकरावांची ही मुलगी, स्वतःच पासष्टीची. “बाबांचं गेल्या दिवाळीपासून कमी-जास्त होतं हं,” त्या हळूच म्हणाल्या. “पण आज बरे आहेत. दाढीसुद्धा करून घेतली, तुम्ही येणार म्हणून.”

त्र्यंबकराव खुर्चीत ताठ बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. ऋजुताने फोन स्टँडवर लावला. महेंद्रला आधी मनातलं बोलून टाकायचं होतं.

“सर, मी बांधणीवाला. तुमचं नाव असलेली पानं मीच फाडली. मला ठाऊक नव्हतं. माफी मागायला आलोय.”

“बसा हो, बसा,” ते मऊ आवाजात म्हणाले. “चहा घ्याल ना?”

त्याने खंड उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्र्यंबकरावांनी चष्मा सारखा केला आणि पान जवळ घेतलं. बघता बघता त्यांचा चेहरा उजळला. बोट होडीवरून, पाण्यावरून, खंडूच्या हातावरून फिरलं. महेंद्रला वाटलं, आता होणार काम. ऋजुताने बटण दाबलं.

“आजोबा, हे कोणाचं चित्र आहे, सांगाल?”

“सुरेख आहे,” ते म्हणाले. “पाणी बघा कसं काढलंय, तीन रेघांत. सुमती, बघ गं. तयार हात आहे हा. कोणी काढलं?”

सुमतीबाईंनी पदर तोंडाला लावला. “बाबा, तुम्ही. खंडू तुमचा ना?”

“आणि खाली नाव नाही,” त्यांना ते ऐकूच गेलं नाही. ते महेंद्रकडे वळले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरीची कळकळ होती. “हे बरोबर नाही हं. एवढे कष्ट घेतलेत बिचाऱ्याने. नाव छापा त्याचं.”

महेंद्र खुर्चीपाशी खाली बसला. “सर, तुम्हीच काढलंय हे. मी शपथ घेतो. तुमचं नाव छापतो.”

“छे, छे!” त्र्यंबकरावांनी खंड मिटून दोन्ही हातांनी त्याला परत दिला. “दुसऱ्याच्या कामावर माझं नाव? असलं मी कधी केलं नाही, आणि आता या वयात करणार नाही.”