वासाचे शब्द
अजून कुठं रिठ्याचा वास आला की मला हुपरीचं आमचं घर आठवतं. पुढच्या खोलीत वडील चांदीची पैंजणं करायचे. ती अ‍ॅसिडात बुडवून काढायची आणि मग रिठ्याच्या पाण्यात घासायची. मी तेव्हा कोल्हापूरला कॉलेजात फ्रेंच शिकत होते. बाईंनी वासाचे शब्द दिले होते आणि घरच्या कुणाचे तरी डोळे बांधून सराव करायला सांगितला होता. वास चांगला असेल तर 'सा साँ बाँ', घाण असेल तर 'सा साँ मोव्हे'. आई आत स्वयंपाक करत होती, म्हणून मी वडिलांनाच ते शब्द शिकवले, त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि रॉकेलचा बोळा त्यांच्या नाकाशी धरला. ते म्हणाले, "सा साँ बाँ." मला हसू आलं. मी बोळा आणखी जवळ नेला, तरी ते तसेच बसून राहिले. मग त्यांनी टॉवेल सोडला, बोळ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "अ‍ॅसिडच्या वाफेनं नाक कवाच गेलंय. आईला सांगू नगंस. फोडणी टाकली की ती माझ्या तोंडाकडं बघत असती." जेवताना आईनं आमटी वाढली आणि रोजच्यासारखं विचारलं, "कसा वास सुटलाय?" वडील माझ्याकडं न बघता म्हणाले, "सा साँ बाँ." मी अर्थ सांगितल्यावर आई लाजून हसली. आता वडील नाहीत, आणि मीही फ्रेंच कधीच विसरून गेले. आई मात्र अजून फोडणी टाकली की ते तीन शब्द म्हणते आणि वर सांगते, "त्यास्नी वास लई कळायचा." मी व्हय म्हणते.